व्रण नसलेली बाई

क्षमावाणीच्या दिवशी सकाळी त्रिशलाबाईंनी कपाटातून मोत्याच्या कुड्या काढल्या आणि घालायला गेल्या, तर कानाला भोकंच नव्हती.

आधी त्यांना वाटलं, चष्मा नाही म्हणून सापडत नसतील. त्यांनी चष्मा लावला, खिडकीपाशी जाऊन हातातला आरसा जवळ धरला. उजवी पाळी पाहिली, डावी पाहिली. दोन्ही तान्ह्या बाळाच्या असाव्यात तशा सलग आणि गुळगुळीत होत्या. बारशाच्या वेळी सोनाराने टोचलेले ते कान. पायाच्या जखमेसाठी दवाखान्यात राहायची वेळ आली तेव्हा कुड्या काढून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहून गेल्या. कान मोकळे ठेवले की भोकं बुजतात हे त्यांना ठाऊक होतं. लहानपणी कांजिण्या आल्या तेव्हा आईने डूल काढून कडुनिंबाच्या काड्या घालून ठेवल्या होत्या त्या त्यासाठीच. पण बुजलं तरी खूण राहते, एखादा खळगा, एखादा टिपका. मिरजेच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला एवढं तरी कळणारच. इथे खूणच नव्हती. कान कधी टोचलेच नसावेत असं ते दिसत होतं.

त्या आरशात बघत असतानाच भरतेशराव दारात आले. त्यांचे यजमान, बेदाण्याचा व्यापार आवरून घरी बसलेले, उंच, जरा वाकलेले, बोलायला कमी. दशलक्षण पर्व संपलं की जैन घरांत एकमेकांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा, आणि समोरच्याने तेच उलट म्हणायचं. बहुतेकांच्या तोंडून ते सवयीने सुटतं, बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पायऱ्या उतरता उतरता वीस जणांना म्हणून होतं. भरतेशराव मात्र हात जोडून, मान खाली घालून असे उभे होते, की मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभं केलेलं पोर आठवावं.

"उत्तम क्षमा," ते म्हणाले.

"उत्तम क्षमा," त्रिशलाबाई म्हणाल्या. "अहो, हे माझे कान बघा जरा."

भरतेशरावांनी कान पाहिले नाहीत. त्यांनी दाराची चौकट धरली, मग हळूहळू कॉटवर बसले आणि रडायला लागले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. त्रिशलाबाई घाबरल्या. छातीत दुखतंय का, गोळी देऊ का, विचारलं. ते म्हणाले डोळ्यांत काहीतरी गेलं. दोन्ही डोळ्यांत एकदम काय जाणार, पण सणाच्या दिवशी माणसाला किती खोदायचं म्हणून त्या गप्प बसल्या.

त्या दिवसापासून भरतेशराव गुणगुणायला लागले.

त्रिशलाबाईंची मूत्रपिंडं मधुमेहाने निकामी होऊन आता बराच काळ लोटला होता. डायलिसिस घरीच चालायचं. मधल्या खोलीत लोखंडी ट्रंकेएवढं यंत्र होतं, आणि सुया टोचायचं शिक्षण भरतेशरावांनी घेतलं होतं. सुयांसाठी डाव्या मनगटापाशी शीर आणि धमनी शिवून जोडलेली होती. तिथे बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागायची. ती थरथर आहे तोवर आपण आहोत, असं त्या स्वतःला सांगायच्या. मग गेल्या उन्हाळ्यात उजव्या तळपायाला जखम झाली आणि ती भरेना. पाय गुडघ्याखाली कापायचं ठरत होतं, तेवढ्यात डॉ. रेहाना बागवान मधे पडली.

रेहाना त्यांची विद्यार्थिनी. शाळेत असताना बेडकाला हात लावायला घाबरायची, आता संशोधन केंद्रात जखमांवर काम करत होती. तिच्या गटाने एक औषध शोधलं होतं, 'निर्व्रण' नावाचं. आठवड्याला एक इंजेक्शन घेतलं की जखम नुसती भरायची नाही, तिचा मागमूससुद्धा राहायचा नाही. चाचण्या चालू होत्या. त्रिशलाबाई नियमात बसत नव्हत्या, पण पाय वाचवायचा दुसरा उपाय नव्हता म्हणून खास परवानगी काढली. दोन-तीन महिन्यांत तळपाय असा झाला, की पेडिक्युअरची जाहिरात करावी. अख्खी गल्ली पाय बघून गेली. सासूबाई असत्या तर त्यांनी दृष्ट काढली असती.

आणि आता कान.

त्या दुपारी भरतेशराव बाहेर गेल्यावर त्रिशलाबाईंनी दार लावून स्वतःचं अंग तपासलं. गुडघ्यावर शाळेच्या जिन्यावरून पडल्याची खूण होती, ती नव्हती. बोटावर विळीची खूण नव्हती. अक्षताच्या जन्माच्या वेळी पोटावर घातलेले टाके, ज्यांवर हात ठेवून त्या कैक वर्षं झोपल्या होत्या, तेही नव्हते. आरशातल्या बाईला जन्मात कधी काही लागलेलं नव्हतं.

त्यांना धडकी भरली. कातडीवर चाललेलं हे आणखी कुठवर गेलं असेल? त्या पलंगावर बसून दुःखं आठवायला लागल्या. वडील गेले ते आठवलं. आई गेली ते आठवलं. स्कूटरचा अपघात, अक्षता कावीळ होऊन अंथरुणाला खिळली ते दिवस, सगळं आठवलं. जरा बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. जे गेलं असेल ते आठवून कसं बघणार? भोक बुजल्याचं कळलं ते हातात कुडी होती म्हणून. मनात कुठली कुडी घेऊन बसायचं?

आणि भरतेशराव का गुणगुणत होते?

केंद्रात जायचं ते त्यांनी एकटीनेच जायचं ठरवलं. चालक नसलेली रिक्षा दारात बोलावली, यजमानांना सांगितलं बहिणीकडे जाते. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी सरळ थाप त्यांनी पहिल्यांदाच मारली.

रेहानाने कान पाहिले, पोट पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिने रक्त तपासायला दिलं आणि निकाल येईपर्यंत बाईंना समजावून सांगायला बसली. एके काळी बाईंनी तिला समजावलं होतं, तितक्याच निगुतीने.

प्रत्येक पेशीत तेच कपाट असतं, ती म्हणाली. कप्पे तेच, सामान तेच. त्वचेच्या पेशीत काही कप्पे उघडे, यकृताच्या पेशीत दुसरे. जखम झाली की दुरुस्तीचे कप्पे उघडतात आणि काम झाल्यावरही त्यांची दारं किलकिली राहतात. ती त्या पेशीची आठवण. पुन्हा तिथेच लागलं तर दुरुस्ती लवकर व्हावी म्हणून. व्रण म्हणजे तीच आठवण, आणि मधुमेहात तीच सडून बसते, जखम भरू देत नाही. निर्व्रण ही दारं लावून घेतं. पेशीला वाटतं, आपल्याला कधी काही झालंच नाही.

"आणि मेंदूतली पेशी?" बाईंनी विचारलं.

मेंदूतली पेशी आठवण ठेवते तीही अशाच दारांनी, रेहाना म्हणाली. पण औषध मेंदूपर्यंत पोचतच नाही असं सगळ्या चाचण्यांत दिसलं होतं. धडधाकट माणसाच्या लघवीवाटे ते एका दिवसात निघून जातं.

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. त्रिशलाबाईंना लघवी होत नव्हती. त्यांचं रक्त गाळायचं ते मधल्या खोलीतल्या यंत्राने, आणि त्याच्या जाळीतून जाण्याइतके या औषधाचे कण लहान नव्हते. यंत्रावर जाळी बदलून सोय केली होती, हिशेबाने ते निघून जायला हवं होतं. रक्ताचा निकाल आला तेव्हा कळलं की हिशेब चुकला होता. प्रत्येक इंजेक्शन आधीच्यावर साचत गेलं होतं.

"मग माझी थरथर का बुजली नाही?" त्यांनी मनगट पुढे केलं. तीही जखमच होती की, माणसांनी केलेली.

"तिच्यातून रक्त वाहतं ना, बाई. ज्या दारातून सारखी ये-जा असते ते लागत नाही. कान तुम्ही मोकळे ठेवलेत म्हणून बुजले." रेहाना टेबलावरचं पेन उगाच फिरवत होती. "आठवणींचंही तसंच असणार. जे बोलता, सांगता, ते राहील. जे दुखणारं आहे आणि तुम्ही कधीच कुणाशी बोलला नाहीत, ते आधी जाईल."

लागलेली दारं पुन्हा उघडतात का, ते तिला ठाऊक नव्हतं. नुसती लोटलेली असतात की कुलूप पडतं, हे अजून कुणीच पाहिलं नव्हतं. एक गोष्ट मात्र तिला कळेना. दर आठवड्याला केंद्राचा फोन जात होता. विसरणाऱ्याला विसरलेलं कसं कळणार, म्हणून तो प्रश्न मुद्दाम घरच्या माणसाला विचारला जाई. यांच्या स्मरणात काही फरक वाटतो का?

"काका दर वेळी नाही म्हणाले," रेहाना म्हणाली. "परवासुद्धा."

परतीच्या रिक्षात त्रिशलाबाई एकच गोष्ट घोळवत होत्या. ज्या माणसाच्या हातून आठवड्यातून तीनदा सुया टोचून घ्यायच्या, ज्याच्या समोर सगळं रक्त बाहेर काढून परत आत घ्यायचं, त्याला काहीतरी माहीत होतं आणि ते त्याने दडवलं होतं. तो काय दडवतोय ते आपल्याला कधीकाळी माहीत होतं. आता ते जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, त्याच्या डोक्यात. घरी न जाता लेकीकडे निघून जावं असं त्यांच्या मनात आलं. पण यंत्र घरी होतं.

भरतेशराव ओट्याशी उभे राहून भाजी चिरत होते, आणि गुणगुणत होते.

"मी काय विसरले?" त्रिशलाबाईंनी दारातूनच विचारलं.

गुणगुणणं थांबलं. ते वळले नाहीत.

"क्षमावाणीला तुम्ही रडलात. त्या दिवसापासून तुम्ही मजेत आहात. मी रेहानाकडे जाऊन आले. मी काय विसरले ते सांगा."

त्यांनी सुरी खाली ठेवली, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग खाली बघत सांगितलं.

चार वर्षांपूर्वी ते तिला स्वतःचं मूत्रपिंड देणार होते. रक्त जुळलं होतं, सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दोघांनाही आत घेतलं. आणि ते हिरवा अंगरखा उतरवून, कपडे चढवून मागच्या जिन्याने निघून गेले. भीती वाटली म्हणून, बाकी काही कारण नव्हतं. बस धरून कुंभोजला गेले आणि बाहुबलीच्या डोंगराच्या पायथ्याशी संध्याकाळपर्यंत बसून राहिले. त्रिशला आत वाट बघत पडून होती. नंतर सगळ्यांना सांगितलं की त्यांचा रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनीच रद्द केलं. अक्षतालाही तेच सांगितलं. त्रिशलाने ते कधी खोडलं नाही. आणि त्या दिवसाबद्दल ती नवऱ्याशी एक शब्दही बोलली नाही. दर क्षमावाणीला ती गल्लीतल्या कुत्र्यामांजरालासुद्धा उत्तम क्षमा म्हणायची. त्यांनी म्हटलं की भिंतीकडे तोंड फिरवायची.

"आणि या वर्षी तू म्हणालीस," भरतेशराव म्हणाले. "मला कळलं की हे औषधानं झालंय. त्याच दिवशी कळलं. पण तुझा पाय बरा होत होता. आणि... तू म्हणालीस की."

त्रिशलाबाई वाट बघत होत्या, आता काहीतरी होईल, संताप येईल, निदान रडू येईल. काहीच झालं नाही. शेजारच्या घरातलं भांडण भिंतीपलीकडून ऐकावं तसं त्यांनी ते ऐकलं. बिचारी बाई, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग लक्षात आलं की ती बाई आपणच. इतका भयंकर प्रसंग आणि त्यांच्या आत त्याची रेघसुद्धा नव्हती. कानासारखं सगळं गुळगुळीत.

"मी तुम्हाला माफ केलं असतं, नसतं केलं, माझं मी बघितलं असतं," त्या म्हणाल्या. "ते या औषधानं परस्पर करून टाकलं. आणि तुम्ही ते ठेवून घेतलंत."

इंजेक्शन बंद करायचं त्यांनी दुसऱ्या दिवशी रेहानाला कळवलं. पाय पुन्हा चिघळणार हे तिने स्पष्ट सांगितलं. भरतेशरावांनी हातापाया पडून पाहिलं. मला शिव्या दे, घराबाहेर काढ, पण पायाशी खेळू नकोस म्हणाले. त्रिशलाबाई ऐकेनात. आज हे गेलं, उद्या काय जाईल? न बोललेलं असं माणसाकडे थोडं का असतं? त्यांच्याकडे आणखी काय काय होतं आणि त्यातलं किती गेलं, ते सांगायलाही कुणी नव्हतं. या एका गोष्टीला निदान साक्षीदार होता.

त्यांनी भरतेशरावांना एकच अट घातली. डायलिसिसला सुया टोचल्या की ती गोष्ट सांगायची. प्रत्येक वेळी, पहिल्यापासून. आई कानात काडी घालून ठेवायची तसं.

भरतेशराव सांगत राहिले. यंत्र घरघरत असायचं, नळ्यांतून रक्त जात-येत असायचं, आणि ते मान खाली घालून हिरवा अंगरखा, मागचा जिना, कुंभोजची बस सांगायचे. त्रिशलाबाई ऐकायच्या. ऐकून पाठ झालं, पण दुखलं कधीच नाही. आणि एक दिवस त्यांना सांगण्यातला एक फरक खटकला.

"तुम्हाला भोवळ आली होती?" त्यांनी मधेच विचारलं.

"आली होती की. जिन्यात."

"परवाच्या सांगण्यात भोवळ नव्हती."

भरतेशराव म्हणाले, होय, नव्हती. ते मुद्दाम खोटं बोलत नव्हते, हेच जास्त भीतीचं होतं. सांगून सांगून गोष्टीचे काठ त्यांच्याकडून आपोआप घासले जात होते, सांगणाऱ्याला कमी टोचावेत असे. आणखी वर्षभराने त्या गोष्टीत तो भोवळ येऊन पडलेला एक बिचारा माणूस असेल, आणि ती खोडायला जगात कुणी नसेल. आत टोचलेल्या सुया, समोर तो, आणि उठून जायची सोय नाही. त्या डोळे मिटून पडून राहिल्या आणि भोवळ नाही, भोवळ नाही, असं मनात घोकत राहिल्या.

दिवाळीच्या सुमाराला तळपाय काळवंडला. थंडीत ताप यायला लागला. पाय गुडघ्याखाली काढायचा ठरला तेव्हा अक्षता बेळगावहून आली. ती औषधावर, केंद्रावर, सगळ्यांवर चिडली होती. आईने औषध का सोडलं ते तिला दोघांनीही सांगितलं नाही. यातलं तेवढं दोघांचंच राहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी स्ट्रेचर आत न्यायच्या आधी त्रिशलाबाईंनी भरतेशरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"बसाल ना?" त्यांनी विचारलं.

"बसतो."

त्यांनी ते ऐकलं आणि त्यांना काही वाटलं नाही. विश्वास वाटला नाही, अविश्वासही वाटला नाही. कशाच्या जोरावर वाटणार? दिवे सरकत गेले, तोंडावर मास्क आला, आणि इतकी वर्षं बरोबर राहिलेल्या माणसाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, या धास्तीतच त्या बुडाल्या.

जाग आली तेव्हा घसा वाळून कोष्ट झाला होता. छत पांढरं होतं. पाय जिथे संपायला हवा होता तिथे चादर सपाट होती. अक्षता कोपऱ्यात पाठ करून फोनवर कुणाशी तरी हळू बोलत होती. त्यांनी मान वळवली. पलंगाशेजारी एक खुर्ची होती आणि ती रिकामी होती.

तेव्हा ते आलं. आधी बरगड्यांखाली, एक जुनी, ओळखीची कळ, आणि तिच्यामागोमाग बाकीचं. दुसरं पांढरं छत. गार पडलेले तळवे. फडफडणारी ट्यूबलाइट आणि तिच्या पट्टीमागे अडकलेला पतंग. शेजारचं रिकामं स्ट्रेचर, आणि त्यावर चौकोनी घडी घालून ठेवलेला हिरवा अंगरखा. पळून जाताना त्याने घडी घातली होती. त्याकडे त्या किती वेळ बघत पडल्या होत्या. कुणीतरी येऊन म्हणालं होतं, आजी, घरचं कुणी आहे का बाहेर? आणि त्या आजी नव्हत्या अजून.

हे भरतेशरावांनी कधी सांगितलं नव्हतं. घडीचं नाही, पतंगाचं नाही. सांगणार कसे, ते तिथे नव्हतेच. हे त्यांचं स्वतःचं होतं. भीतीने आणि आनंदाने एकदमच त्यांना हुंदका आला. दुखत होतं, फार दुखत होतं, आणि ते पायाचं नव्हतं.

दार ढकलून भरतेशराव आत आले. हातात स्टीलची वाटी होती. डायलिसिसवाल्याला घोटभर पाणीही मोजून. म्हणून तहान लागली की त्यांना बर्फाचा खडा लागायचा. तो आणायला ते खाली गेले होते.

"कुठे गेला होतात?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

भरतेशराव दारातच थांबले. तो आवाज त्यांनी चार वर्षं ऐकला होता आणि गेले काही महिने ऐकला नव्हता. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली, हात जोडले. अक्षता फोन कानाला तसाच धरून वळून बघायला लागली, हे काय चाललंय तिला कळेना.

"उत्तम क्षमा," ते म्हणाले.

त्रिशलाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, भरतेशराव बसले. थोड्या वेळाने ओठांना काहीतरी गार लागलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. बर्फ तेवढा घेतला.